शारदा सदनातलं वेगळं स्वयंपाकघर

"स्मरणिकेसाठी लिही, पण तुझ्या कॉम्प्युटरचं काही नको," अशी अट संपादक मंडळातल्या आपल्या वर्गमित्राने घातली. गेली वीस-बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. म्हणून शाळेत ज्या विषयात मला सगळ्यांत कमी गुण पडायचे, त्या इतिहासाकडे वळते आहे. बाईंनी लाल पेन हाताशी ठेवावं.

'शारदा सदनाची स्थापना ______ यांनी केली.' गाळलेली जागा, एक गुण. पंडिता रमाबाई माझ्यासाठी एवढ्याच होत्या. इंजिनिअरिंगला पुण्यात असताना सुट्टीत घरी येताना पॅसेंजर केडगावला थांबायची. हेच ते रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव, हे कळायला चाळिशी उलटावी लागली. गेल्या वर्षी त्यांच्याविषयी सलग वाचलं आणि एका स्वयंपाकघरापाशी येऊन अडकले.

आधी थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर देशभर पायी फिरत त्या १८७८मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८०मध्ये त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षांत पती गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्याला वाटेल, इथे गोष्ट एका वळणावर संपली. खरी ओढाताण तिथूनच सुरू झाली. ज्या जोगिणींनी त्यांना प्रेमाने आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांचे खटके उडू लागले. रमाबाई मांस-मासे खात नसत. धर्म बदलला म्हणून ताटही बदललं पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हतं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसे. दोघींची पत्रं वाचताना जाणवतं, की जेराल्डिनबाईंची माया खोटी नव्हती. पण त्या मायेत समोरच्या माणसाला स्वतःचा विवेक असतो, याचा थोडा विसर पडला होता. ख्रिस्ती शिकवणुकीत प्रेमाला सर्वांत वरचं स्थान आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेमाची लक्षणं सांगताना, प्रेम अनुचित वागत नाही, असाही आशय मांडला आहे. सौजन्य हे प्रेमाचंच अंग, असा त्याचा अर्थ. रमाबाईंनी हा धडा दुसऱ्या बाजूने घेतला. मान राखला गेला नाही तर काय वाटतं, हे त्यांना अनुभवाने कळलं.

आता ते स्वयंपाकघर. अमेरिकेत व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी निधी जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. उच्चवर्णीय विधवांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा हेतू. चालवणारी बाई ख्रिस्ती आणि पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा. तरीही नियम असा, की मुलींच्या धर्माला हात लावायचा नाही. त्यांच्यासाठी स्वयंपाक वेगळा, त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याला धक्का लागणार नाही असा. पूजाअर्चा, व्रतंवैकल्यं ज्यांना करायची त्यांनी करावी.

वाचताना मी आधी चिडलेच. जात मोडून लग्न केलेल्या बाईने जातीचं सोवळं का सांभाळावं? पण त्या काळच्या विधवेच्या जागी बसून पाहिलं. तिचे केस गेलेले, दागिने गेले, ताटातला गोडाचा घास गेला. सदनात जेवून ती बाटली असं ठरलं, की माहेरचं दारही बंद. शिकायचं असेल तर आधी उरलंसुरलं टाकून ये, असं रमाबाईंनी तिला म्हटलं नाही. सोवळं त्यांना पटत होतं असं नाही. ते कधी सोडायचं आणि सोडायचं की नाही, हे त्या मुलीने ठरवायचं होतं. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या बालविधवा गोदूबाई. त्यांनी १८९३मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

हे सौजन्य स्वस्तात पडलं नाही. धर्मप्रचार करत नाही म्हणून काही मिशनरी नाराज. तर पुण्यात उलटी ओरड. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. हे धर्मांतराचं जाळं आहे, अशी टीका 'केसरी'ने केली. मुलींना येऊ देऊ नका, असं सांगण्यात आलं. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात कोण बरोबर, यावर मी अजून स्वतःशीच वाद घालते. ज्या बाईवर आपण अन्न-निवाऱ्यासाठी अवलंबून आहोत, तिचं उघडं दार हे आमंत्रणच वाटू शकतं. पालकांची भीती मला पोकळ वाटत नाही. पुढे दुष्काळातल्या शेकडो अनाथ मुली-बायकांना रमाबाईंनी केडगावला आणलं. तिथलं काम उघडपणे ख्रिस्ती होतं, शारदा सदनातली तटस्थता तिथे राहिली नाही, हेही लिहायला हवं. पण म्हणूनच पुण्यातलं ते स्वयंपाकघर मला महत्त्वाचं वाटतं. ज्या बाईची स्वतःची श्रद्धा इतकी पक्की होती, तिने दुसरीच्या ताटाचा मान राखला. स्वतःला काहीच ठाम वाटत नसताना सहिष्णू असणं सोपं असतं.

हे वाचताना आपल्या आठवीच्या वर्गातला एक डबा आठवला. आपल्यात एक ख्रिस्ती मैत्रीण होती. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. मधल्या सुट्टीत तिने डबा पुढे केला आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्यात यात काय काय घालतात?" डब्यात मटकीची उसळ होती. तिने काही न बोलता झाकण लावलं.

पुढच्या एकादशीला तिने माझ्यापुढे दोन केळी आणि कागदाच्या पुडीत शेंगदाणे ठेवले. "आई म्हणाली, हे तुला चालेल. घरात शिजवलेलं नाही." तिच्या आईने माझा उपवास आणि माझ्या मनातली अढी, दोन्ही लक्षात घेतलं होतं. मी केळी खाल्ली. 'चुकले' म्हणाले नाही.

मेळाव्याला ती येणार आहे, असं ग्रुपवर वाचलं. तेव्हा तिच्यापाशी बोलेनच. पण तो प्रश्न मी सगळ्यांसमोर विचारला होता, म्हणून इथेही सगळ्यांसमोर लिहिते. माझं चुकलं. आणि काकूंना सांग, तीस वर्षं झाली तरी केळी लक्षात आहेत.