जोडतारे आणि फादर मायर यांची थट्टा

मे महिन्याच्या मध्यास बाभुळगावच्या शिवारात उभे राहून रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजालगत दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. नरतुरंग तारकासमूहातील हे मित्र आणि मित्रक होत. आपल्याकडे ते जेमतेम आठ-नऊ अंश वर येतात; मध्ये बाभळी आल्या की दिसेनासे होतात. आम्हांला येथे लिहावयाचे आहे ते त्यांतील डावीकडच्या, अधिक तेजस्वी अशा मित्राविषयी. नुसत्या डोळ्यांना तो एकटा दिसतो. प्रत्यक्षात तो एकटा नाही.

ही गोष्ट प्रथम ध्यानी आली ती भारतभूमीवर. फ्रान्सच्या राजाने सयामला धाडलेल्या येशूसंघीय गणितज्ञांपैकी फादर झाँ रिशो हे एक. तेथे राज्यक्रांती झाल्यामुळे ते पाँडिचेरीस आले. इ.स. १६८९ च्या डिसेंबरात एका धूमकेतूचे वेध घेत असता त्यांनी दुर्बीण मित्राकडे वळवली आणि एका ठिपक्याच्या जागी त्यांना दोन दिसले. फादरांनी तशी नोंद केली.

परंतु दोन तारे जवळ दिसणे निराळे आणि ते खरोखर जवळ असणे निराळे. रात्री दूरवर दोन दिवे एकमेकांना खेटून दिसतात. त्यांतला एक गावातल्या घराचा आणि दुसरा मागच्या टेकडीवरचा असू शकतो. आकाशातील जोड्याही अशाच योगायोगाच्या, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. जॉन मिशेल या अँग्लिकन धर्मगुरूने १७६७ साली संभाव्यतेचे गणित मांडून इतके योगायोग शक्य नाहीत असे दाखवले. पण गणिताने फारसे कोणी हलले नाही.

अशा वेळी जर्मनीतील मानहाइम येथील फादर ख्रिस्तियान मायर पुढे आले. तेही येशूसंघीय, मात्र १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघच विसर्जित केल्यामुळे ते संघाविना उरलेले. मोठ्या ताऱ्यांजवळचे बारीक तारे हे त्यांचे सोबती आहेत, असे त्यांनी जाहीर केले. त्यावर त्यांची यथेच्छ थट्टा झाली. व्हिएन्नाचे खगोलवेत्ते फादर माक्सिमिलियान हेल हे त्यांचे कडवे टीकाकार, आणि तेही येशूसंघीयच! चर्च एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, असे चित्र आपल्या महाविद्यालयीन मुलांसमोर नेहमी उभे केले जाते. येथे दोन्ही बाजूंना झगाच होता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मायर यांनी दाखवलेले पुष्कळ सोबती पुढे खरे ठरले नाहीत. तरीही जोडताऱ्यांची पहिली सूची त्यांचीच. ते १७८३ साली वारले.

मूळ कल्पना खरी ठरावयास आणखी वीस वर्षे लागली. विल्यम हर्शेल यांना खरे तर ताऱ्यांची अंतरे मोजावयाची होती. त्यासाठी त्यांनी जोड्या गोळा केल्या. वर्षानुवर्षे मापे घेता घेता त्यांना दिसले की, मिथुन राशीतील कॅस्टरचे दोन तारे एकमेकांभोवती फिरत आहेत. १८०३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संत पौल माल्टाहून ज्या गलबतात बसले, त्यावर ज्या जुळ्या देवांचे चिन्ह होते, त्यांच्यापैकी एकाचे नाव या ताऱ्याला आहे. या कॅस्टरमध्ये दोन नव्हे, तर एकूण सहा तारे आहेत, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

एकट्या ताऱ्यात आणि जोडताऱ्यात मोठा भेद कोणता? आपला सूर्य एकटा आहे. ग्रह निमूटपणे त्याच्याभोवती फिरतात. जोडीत मात्र कोणीच स्थिर नसतो. दोघेही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. मित्राच्या जोडीला एका फेरीस सुमारे ऐंशी वर्षे लागतात. त्यांच्यातले अंतर कधी सूर्य-शनी अंतराहून थोडे अधिक, तर कधी सूर्य-नेपच्यून अंतराहूनही जास्त असते. अशा ठिकाणी ग्रहाला सुरक्षित कक्षा थोड्याच; एक तर त्याने एका सूर्याला बिलगून राहावे, नाही तर दोघांना मिळून दुरून प्रदक्षिणा घालावी. अशी दोघांना प्रदक्षिणा घालणारा केप्लर-१६बी हा ग्रह २०११ साली सापडला.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाकी ताऱ्याचे वस्तुमान सरळ मोजण्यास सहसा वाव नसतो. जोडीचे अंतर आणि फेरीचा काळ कळला की, न्यूटनच्या नियमाने दोघांचे मिळून वस्तुमान निघते. ताऱ्यांचे वजन माणसाला कळले ते मुख्यत्वे जोड्यांमुळे. एकट्यांचे वजन आपण त्यांच्यावरून ताडतो.

या कामाला महाराष्ट्राचाही हातभार लागला, हे फारसे कोणाला माहीत नाही. विल्यम स्टीफन जेकब हा सॉमरसेटमधील एका धर्मगुरूचा मुलगा, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अभियंता. त्याने १८४२ साली पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि २४४ जोडताऱ्यांची सूची तयार केली. वृश्चिकातील एका जोडीत तिसरा तारा दडला आहे, हे त्याने १८४७ साली ओळखले. पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख असताना, १८५५ साली, भुजंगधारीतील एका जोडीच्या चालीत त्याला अनियमितपणा आढळला आणि तेथे ग्रह असावा असे त्याने सुचवले. तो तर्क टिकला नाही; परंतु परक्या सूर्याच्या ग्रहाचा शोध मापांवरून घेण्याची वाट त्याने इतक्या लवकर धरली होती. मद्रासची हवा न मानवल्याने तो मायदेशी परतला. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने एक हजार पौंड मंजूर केले, तेव्हा तो नऊ इंची भिंगाची दुर्बीण मिळवून पुन्हा निघाला. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबई बंदरात उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात त्याचे निधन झाले.