पंडितांची खात्री आणि मटावानची खाडी

विद्वानांची चूक सामान्य जनांच्या चुकीपेक्षां अधिक महाग पडते. कारण तिच्यावर विश्वासून वागणारे लोक पुष्कळ असतात. इतिहासांत या गोष्टीचें प्रत्यंतर वारंवार येतें. परंतु १९१६ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशाच्या निमित्तानें जें घडलें, त्याइतकें ठसठशीत उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. आमचें सारें आयुष्य अध्यापनांत गेलें असल्यामुळें हें प्रकरण आम्हांस नुसतें मनोरंजक वाटत नाहीं. तें मनाला बोचतें.

शार्क मनुष्यावर हल्ला करतो ही खलाशांची भाकडकथा होय, असें त्या काळीं पूर्व अमेरिकेंतील पुष्कळ सुशिक्षितांचें मत होतें. हर्मन ओलरिक्स या धनिकानें १८९१ सालीं, त्या बाजूच्या समशीतोष्ण पाण्यांत शार्कनें माणसावर हल्ला केल्याचें सिद्ध करणारास ५०० डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. तें कोणीहि मिळवूं शकला नाहीं. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास-संग्रहालयाचे संचालक फ्रेडरिक ल्यूकस यांचें तर म्हणणें असें कीं, मोठ्या माणसाच्या पायाचें हाड तोडण्याइतकें बळ शार्कच्या जबड्यांत नसतेंच. हें मत अगदींच निराधार होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. खलाशांच्या गोष्टींत अतिशयोक्ति असे, आणि पुरावा मागणें हा शास्त्रज्ञांचा धर्मच आहे. परंतु समुद्रस्नानाची हौस त्या देशांत तेव्हां कुठें सर्वसामान्यांत पसरूं लागली होती. जेथें पाण्यांत माणसेंच थोडीं उतरत, तेथें हल्ल्याचा पुरावा कोठून मिळणार? पुरावा नाहीं, यावरून धोका नाहीं असा निष्कर्ष काढणें, हीच ती चूक.

१ जुलै रोजीं बीच हेवन येथें एक तरुण पदवीधर कुत्र्यासह पोहत असतां ओरडूं लागला. तो कुत्र्यालाच हाका मारीत आहे, असें किनाऱ्यावरील लोकांस वाटलें. मांडीचें मांस तुटून तो त्याच संध्याकाळीं मरण पावला. ६ जुलै रोजीं सुमारें ४५ मैल उत्तरेस, स्प्रिंग लेक येथें, एका हॉटेलांतील नोकराचे पाय तुटले. पाणी इतकें रंगलें कीं, लाल रंगाची होडी उलटली आहे, असें एका बाईनें जीवरक्षकांस सांगितलें. तरीहि ८ जुलै रोजीं ल्यूकस व इतर दोन शास्त्रज्ञ यांनीं वृत्तपत्रकारांना बोलावून, तिसरा हल्ला फारसा संभवनीय नाहीं, असा दिलासा दिला.

पुढें चारच दिवसांनीं, १२ जुलैला, थॉमस कॉट्रेल नांवाच्या निवृत्त कप्तानांना मटावान गांवच्या खाडींत सुमारें आठ फूट लांबीचा शार्क दिसला. त्यांनीं गांवकऱ्यांस सावध करण्याचा प्रयत्न केला; पण त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. गांवाच्या कुशींतल्या चिंचोळ्या खाडींत शार्क कसा येईल? त्याच दुपारीं तेथें पोहणाऱ्या ११ वर्षांच्या एका मुलास शार्कनें ओढून नेलें. त्याचा शोध घेण्यास उतरलेला २४ वर्षांचा शिंपी जखमी होऊन मेला. त्यानंतर सुमारें अर्ध्या तासानें आणखी एका मुलाच्या पायाचा लचका तुटला. तो मात्र वांचला. बारा दिवसांत चौघांचा बळी गेला.

मग अविश्वासाची जागा भीतीनें घेतली. खाडींत डायनामाइट उडविण्यांत आलें, स्नानाच्या जागीं जाळ्या बसल्या, आणि दिसेल त्या शार्कला मारण्याची चढाओढ लागली. जवळच्या रॅरिटन उपसागरांत १४ जुलैला मिळालेल्या पांढऱ्या शार्कच्या पोटांत मनुष्याचे अवशेष निघाले, असें सांगण्यांत आलें. तथापि सर्व हल्ले त्या एकाच माशानें केले काय, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. कारण खाड्यांत व नद्यांत शिरून गोड्या पाण्यांतहि राहूं शकतो तो बुल शार्क. शार्कच्या पांचशेंहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं माणसाला विशेष घातक ठरल्या त्या मुख्यतः तीन : पांढरा, टायगर आणि बुल.

ही गोष्ट आपल्यापासूनहि फार दूरची नाहीं. २०२४ सालच्या फेब्रुवारींत पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ, वैतरणेच्या खाडींत, एका तरुणाच्या पायाचा लचका शार्कनें तोडला. आणि तो बुल शार्कच असल्याचें सांगण्यांत आलें.

परंतु भीतीची चूकहि कमी महाग पडत नाहीं. पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ सालीं आणि तिच्यावरील चित्रपट १९७५ सालीं निघाला, व शार्क म्हणजे सूड घेणारा राक्षस अशी समजूत दूरवर रुजली. पुढें स्वतः बेंचली यांस त्याची खंत वाटली, आणि ते शार्कच्या रक्षणाच्या कार्याला लागले. आज शार्कमुळें साऱ्या जगांत वर्षाकाठीं मरणारीं माणसें बहुधा दहाच्या आंत असतात. उलट माणसाच्या हातून मरणाऱ्या शार्कांची संख्या सुमारें १० कोटींच्या घरांत अंदाजिली आहे. हा संहार मुख्यतः पर आणि मांस यांसाठीं चालतो हें खरें. पण ज्याला एकदां राक्षस ठरविलें, त्याची कींव कोणास येणार?

वर्गांत एखादा विद्यार्थी पुस्तकांत नसलेली गोष्ट पाहिल्याचें सांगूं लागला कीं, आम्हांस हल्लीं कप्तान कॉट्रेल आठवतात. ‘असें होत नसतें’ हें वाक्य अजूनहि ओठांवर येतें. तें गिळून आम्ही त्यास विचारतों, ‘कोठें पाहिलेंस? नीट सांग.’