शेतीसंरक्षण बंदूक परवाना

शेतीसंरक्षण बंदूक परवाना हा वन्य प्राण्यांपासून पिकांचे रक्षण करण्यासाठी शेतकऱ्याला शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दिला जाणारा परवाना आहे. महाराष्ट्रात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तो विशेष परिचित आहे. आंबा, काजू, नारळ व सुपारीच्या बागा आणि डोंगरउतारावरील भात-नाचणीची शेती जंगलाला लागून असल्यामुळे माकड, वानर, रानडुक्कर, साळिंदर आणि गवा यांचा उपद्रव येथे नित्याचा आहे. नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या कुटुंबांच्या जमिनी पडीक राहून त्यांवर रान माजले, त्यामुळे कसणाऱ्या शेजाऱ्याच्या शेताला जंगल आणखी जवळ आले. कोकणात बंदुकीविषयी होणारी चर्चा म्हणूनच गुन्हेगारीपेक्षा शेती, वन्यजीव कायदा आणि सरकारी नुकसानभरपाई यांच्याभोवती फिरते.

कायद्यातील स्थान

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला स्थान मिळाले. भारतात असा घटनात्मक हक्क नाही. तो असावा, अशी मागणी मात्र झाली होती. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले. या कायद्यात बदल करावा, असा ठराव काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता. त्याच ठरावाचा आधार घेऊन हरि विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे, तिला विरोध केला. कोणालाही बाजारातून हवे ते शस्त्र विनाअडथळा घेता आले तर राज्यकारभार चालवणे अशक्य होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

पुढे आलेल्या १९५९ च्या अधिनियमाने शेतकऱ्याचा स्वतंत्र विचार केला. कलम १३ नुसार, पीकरक्षणाची खरी गरज असलेल्या अर्जदाराला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे बंधन परवाना अधिकाऱ्यावर आहे. मात्र कलम १४ मधील कारणांवरून तो नाकारता येतो. ठासणीची बंदूक अपुरी पडेल असे अधिकाऱ्याला वाटल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीस परवानगी देता येते. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. जिल्हादंडाधिकारी पोलिसांच्या अहवालानंतर निर्णय घेतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाल्यास किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यास ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे एकच बंदूक दोन-तीन पिढ्या घरात राहते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

वन्यजीव कायद्याशी विसंगती

परवाना मिळाला म्हणजे प्राणी मारण्याची मुभा मिळाली, हा समज चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेल्यास तो गुन्हा ठरत नाही. पिकाच्या बचावाला मात्र ही सवलत नाही. पहिल्या अनुसूचीबाहेरील प्राणी उभ्या पिकाला घातक ठरल्यास वनाधिकारी लेखी आदेशाने त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्यासाठी अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली.

रोही कोकणात आढळत नाही, आणि येथील बागायतदाराचा मोठा शत्रू डुकरापेक्षा माकड आहे. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३) लाल तोंडाचे माकड, म्हणजे टोपी माकड, पहिल्या अनुसूचीत गेले. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस मुख्य वन्यजीव रक्षकच परवानगी देऊ शकतात, आणि तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक असल्यास किंवा दुर्धर जखम वा रोगाने ग्रस्त असल्यास. पिकाचे नुकसान हे कारण तेथे चालत नाही. केरळ राज्यानेही हे माकड त्या अनुसूचीतून काढण्याची मागणी केंद्राकडे केली आहे. सारांश, एक कायदा पीकरक्षणासाठी बंदूक देतो आणि दुसरा तिचा मुख्य उपयोग काढून घेतो. व्यवहारात ही बंदूक हवेत बार काढून कळप पळवण्यापुरतीच उरते, आणि माकडे त्या आवाजाला सरावतात, असा बागायतदारांचा अनुभव आहे. कायदेशीर मार्ग अरुंद असल्यामुळे फासकी लावणे, गावठी बंदुका वापरणे असे प्रकारही घडतात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकण्याच्या घटना रत्नागिरी जिल्ह्यात घडल्या आहेत.

निवडणुका आणि शस्त्रजमा

निवडणूक आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश दिले जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ मधील एका निकालानंतर निवडणूक आयोगाने याबाबत सूचना दिल्या. त्यांनुसार सरसकट शस्त्रे जमा न करता जिल्हास्तरीय छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करावा, असे अपेक्षित आहे. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे किंवा पूर्वी दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक हा या छाननीचा मुख्य रोख आहे.

कोकणात या प्रश्नाला ऋतूची बाजू आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात लोकसभेचे मतदान २०१९ मध्ये २३ एप्रिलला आणि २०२४ मध्ये ७ मे रोजी झाले. हा ऐन हापूसचा हंगाम. विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले, तेव्हा भातकापणी सुरू असते. त्यामुळे बंदूक नेमकी राखणीच्या दिवसांत ठाण्यात असते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते आणि शेतीसंरक्षण परवान्यांना सूट देण्याची मागणी केली जाते. दुसऱ्या बाजूला, मतदानाच्या काळात गावोगावच्या शस्त्रांची जबाबदारी पोलिसांवर असते. हेतू शेतीचा असला तरी बंदूक ही बंदूकच, ही त्यांची भूमिका गैरवाजवी म्हणता येत नाही.

भरपाईचा पर्याय

मारण्याला मर्यादा असतील तर नुकसानीचा भार शासनाने उचलावा, हे त्यापुढचे तर्कसंगत पाऊल ठरते. महाराष्ट्रात वन विभागामार्फत पंचनामा करून पीकनुकसानीची भरपाई दिली जाते. भात तुडवले गेल्यास किंवा माड मोडून पडल्यास पंचनामा सोपा असतो. परंतु माकडांनी पाडलेल्या कोवळ्या शहाळ्यांची किंवा अर्धवट कुरतडून फेकलेल्या कैऱ्यांची मोजदाद सोपी नसते, आणि नुकसान एका रात्रीत न होता हंगामभर थोडे थोडे होत राहते.

पीकविम्यातही हीच अडचण दिसते. कोकणातील आंबा व काजू यांच्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे. तिच्यात अवकाळी पाऊस, तापमान यांसारखे निकष ओलांडले गेले की रक्कम देय होते. प्राण्यांनी केलेली नासाडी या निकषांत बसत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान २०२६ च्या खरीप हंगामापासून अतिरिक्त संरक्षण म्हणून समाविष्ट करण्याची घोषणा केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली.