सुवर्ण त्रिकोण

सुवर्ण त्रिकोण : रुआक नदी मेकाँगला मिळते तिथे म्यानमार, थायलंड आणि लाओस यांच्या सीमा भिडतात. त्या संगमाभोवतीचा डोंगराळ टापू अफू, हेरॉइन आणि अलीकडे मेथॅम्फेटामीन यांसाठी कुप्रसिद्ध आहे. थायलंडच्या सोप रुआक गावात पर्यटक तिन्ही देश एका चौकटीत बसवून फोटो काढतात. पलीकडे लाओसच्या काठावर सोनेरी मुकुटाच्या घुमटाचा कॅसिनो दिसतो. त्याच्या चालकांवर अमेरिकेने 2018 मध्ये तस्करी व काळा पैसा पांढरा करण्याच्या आरोपांखाली निर्बंध घातले. मालाचा उगम मात्र मुख्यतः आत, म्यानमारच्या शान राज्यात आहे.

1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि पराभूत क्वोमिंतांग फौजेच्या काही तुकड्या शान डोंगरांत घुसल्या. पगार कोण देणार? त्यांनी अफूवर हात ठेवला. ज्याच्या हाती बंदूक त्याचा अफूवर कर, ही रीत तेव्हा पक्की झाली ती आजतागायत. 1967 मध्ये खुन सा या शान-चिनी सरदाराचा सुमारे 16 टन अफू लादलेला खेचरांचा तांडा लाओसमधील बान ख्वान येथे पोचला. त्याला क्वोमिंतांगवाल्यांनी गाठले. दोघे भिडलेले असताना मालाचा गिऱ्हाईक असलेला लाओसचा सेनापती ऊआन रात्तिकोन याने विमाने पाठवून दोघांवरही बॉम्ब टाकले आणि माल स्वतः ताब्यात घेतला. पोलीस, चोर आणि गिऱ्हाईक यांच्यातली रेषा इतकी पुसट क्वचितच झाली असेल.

खुन सा पुढे हजारोंच्या मोंग ताई फौजेचा प्रमुख झाला. अमेरिकेने त्याच्यावर बक्षीस लावले. 1996 मध्ये तो म्यानमारच्या लष्कराला शरण गेला. त्याला अमेरिकेच्या हवाली न करता यांगोनमध्ये राहू दिले गेले. 2007 मध्ये तो तिथेच मेला. धंदा मात्र थांबला नाही, मालक बदलले.

मालही बदलला. अफूच्या बोंडाला चिरा द्यायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा, हे हंगामी आणि कष्टाचे काम. शेत आकाशातून दिसते आणि उपटताही येते. थायलंडने रस्ते, शाळा, कॉफी आणि फळबागा देऊन आपल्या हद्दीतली अफूची शेती जवळपास संपवली. मेथॅम्फेटामीनला शेत लागत नाही. रसायने, एक शेड आणि जाणकार माणूस पुरतो. त्यात कॅफीन मिसळून केलेली लालसर-नारिंगी गोळी म्हणजे ‘याबा’. तिच्यावर बहुधा ‘डब्ल्यू वाय’ अशी अक्षरे उठवलेली असतात. ऑक्टोबर 2021 मध्ये लाओसच्या बोकेओ प्रांतात एकाच ट्रकमध्ये साडेपाच कोटींहून अधिक गोळ्या सापडल्या.

या पैशाने सुरक्षेची गणिते पार बिघडवली. 5 ऑक्टोबर 2011 रोजी मेकाँगवर दोन मालवाहू बोटींवरील 13 चिनी खलाशी मारले गेले. त्याबद्दल चीनने नाव खाम नावाच्या टोळीप्रमुखाचा माग काढला. ड्रोनने बॉम्ब टाकून त्याला मारण्याचाही विचार झाला होता, असे चिनी अधिकाऱ्याने नंतर सांगितले. 2012 मध्ये तो लाओसमध्ये पकडला गेला, 2013 मध्ये कुनमिंगमध्ये त्याला विषारी इंजेक्शनने देहदंड झाला. त्या प्रकरणी काही थाई सैनिकांवरही संशय होता. चार देशांची नदीवरील संयुक्त गस्त याच घटनेतून सुरू झाली. त्याआधी 2003 मध्ये थायलंडने पुकारलेल्या ‘अमली पदार्थांविरुद्धच्या युद्धा’त तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील अनेकांचा या धंद्याशी संबंध नव्हता, हे नंतरच्या चौकशीत दिसले.

फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमध्ये यादवी भडकली आणि अफूही पुन्हा वाढली. तालिबानच्या बंदीने अफगाण पीक कोसळले, तेव्हा 2023 मध्ये अंदाजे 1,080 टन अफूसह म्यानमार जगात पहिला आला.

भारताची 1,643 किमी सीमा म्यानमारला लागून आहे. मोरे आणि चांफाई या सीमावर्ती गावांमार्गे हेरॉइन व गोळ्या इकडे येतात. गोळ्यांसाठी लागणारे स्यूडोएफेड्रिन मात्र इकडून तिकडे जाताना अनेकदा पकडले गेले आहे. मणिपूरमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्याने पसरला. वाट आता समुद्रातूनही आहे : नोव्हेंबर 2024 मध्ये तटरक्षक दलाने अंदमानच्या बॅरन बेटाजवळ म्यानमारची मासेमारी नौका अडवली, तेव्हा तिच्यात दोन-दोन किलोच्या पुड्यांत सुमारे साडेपाच टन मेथॅम्फेटामीन निघाले.