कवटीतला दाब डोळ्यातून कसा कळतो?

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. अशा गावात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, तर कवटीतला दाब वाढतोय हे सीटी स्कॅनआधी कसं ओळखाल?

1851 मध्ये हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप आणला. त्यातून ऑप्टिक नर्व्हची सूज दिसू लागली, पण ती यायला वेळ लागतो. 1950च्या दशकात स्वीडनच्या लेक्सेलने अल्ट्रासाऊंडच्या प्रतिध्वनीवरून मेंदूची मध्यरेषा सरकलीय का ते पाहिलं. 1960 मध्ये लुंडबर्गने थेट मेंदूच्या पोकळीत नळी घालून दाब सलग मोजला. पद्धत खात्रीची, पण कवटीला भोक पाडावं लागतं.

1990च्या दशकात हान्सेन आणि हेल्मके यांनी ऑप्टिक नर्व्हच्या आवरणाकडे लक्ष वेधलं. मेंदूभोवतीचं पाणी या आवरणातही असतं. दाब वाढला की ते फुगतं. नेत्रगोलामागे 3 मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजतात. साधारण 5 मिलिमीटरच्या पुढे गेली की संशय घ्यायचा. मात्र ही सीमा अभ्यासागणिक बदलते.

आपल्याकडे आणखी एक अडचण. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते. ते उचलून कुठेही नेता येत नाही. म्हणून प्रस्ताव लिहिताना स्वतःला विचारा: मी दाब मोजतोय की दाबाची खूण? आणि यंत्र रुग्णापर्यंत पोहोचेल का?