सायकलसंघ, महिलांचे व्यावसायिक

रस्त्यावरील सायकल शर्यतींत भाग घेण्यासाठी करारान्वये एकत्र आणलेल्या व बहुधा प्रायोजक संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महिला सायकलपटूंचा संघ. शर्यतीची विजेती एकच ठरत असली, तरी शर्यत जिंकणे हे सांघिक काम असते. पुढे चालणाऱ्या सायकलीच्या आडोशामुळे मागील सायकलपटूस वाऱ्याचा विरोध बराच कमी जाणवतो. म्हणून सहायक सायकलपटू आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात, प्रतिस्पर्ध्यांचा पाठलाग करतात, पाणी व खाद्य पोहोचवितात आणि आपल्या प्रमुख सायकलपटूची शक्ती अखेरच्या चढापर्यंत राखून ठेवतात. विजेत्यांच्या यादीत या सहायकांची नावे येत नाहीत. केवळ बक्षिसांच्या रकमेवर असा संघ टिकत नाही. त्यास नियमित वेतनाचा आधार लागतो. महिला संघांचा इतिहास हा बव्हंशी या वेतनाच्या प्रश्नाचा इतिहास आहे.

फ्रान्समधील बॉर्दो येथे १८६८ मध्ये महिलांची सायकल शर्यत झाल्याची नोंद आहे. १८९० नंतरच्या दशकात इंग्लंड व अमेरिकेत बंदिस्त धावमार्गांवर महिलांच्या सहा दिवसांच्या शर्यती तिकीट लावून होत. टिली अँडरसन ही त्यांतील नामांकित अमेरिकन सायकलपटू. १९२४ च्या इटलीप्रदक्षिणेत (जिरो) आल्फोन्सिना स्त्रादा हिने पुरुषांबरोबर भाग घेतला. तथापि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने महिलांची जागतिक रस्ता-अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये सुरू केली. लक्सेंबर्गची एल्सी जेकब्स तिची पहिली विजेती होय. ऑलिंपिक क्रीडासामन्यांत महिलांच्या सायकल शर्यतीस १९८४ मध्ये स्थान मिळाले. त्याच वर्षी फ्रान्सप्रदक्षिणेची (टूर द फ्रान्स) महिलांसाठी आवृत्ती भरविण्यात आली व ती अमेरिकेच्या मारिआन मार्टिन हिने जिंकली. तीत राष्ट्रीय संघ उतरले होते. विजेतीस सु. १,००० डॉलर मिळाले, तर पुरुष विजेत्याची प्राप्ती त्याच्या शंभरपटीहून अधिक होती. पुरुषांच्या शर्यतीबरोबर होणारी ही स्पर्धा १९८९ नंतर बंद पडली.

व्यापारी प्रायोजकांचे महिला संघ पुढील काळात वाढले. पण त्यांचे आयुष्य प्रायोजकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले. नेदर्लंड्समधील ‘एसडी वर्क्स’ या संघाचा इतिहास या दृष्टीने बोधक आहे. उद्यानरचनेचे काम करणाऱ्या ‘डोल्मान्स’ या संस्थेच्या नावाने तो २०१० मध्ये स्थापन झाला. पुढे यंत्रसामग्री भाड्याने देणारी ‘बोल्स’ ही कंपनी प्रमुख प्रायोजक बनली व संघ ‘बोल्स-डोल्मान्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. २०१३ मध्ये संघात आलेली इंग्लंडची लिझी आर्मिटस्टेड २०१५ मध्ये जगज्जेती झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या महिला जागतिक शर्यतमालेचे पहिले विजेतेपद याच संघाच्या मेगन गार्निअर हिने मिळविले. त्याच वर्षी दोहा येथे संघाने जागतिक सांघिक कालशर्यतही जिंकली. २०१७ मध्ये आलेल्या आना व्हान डर ब्रेखेन हिने पहिल्याच वर्षी आर्देन प्रदेशातील तिन्ही प्रतिष्ठित एकदिवसीय शर्यती जिंकल्या.

या यशाने संघाचे स्थैर्य मात्र साधले नाही. दोन्ही प्रायोजकांनी २०२० अखेर माघार घेण्याचे ठरविले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने महिला संघांची प्रथम श्रेणी निर्माण केली. तिच्या पहिल्या आठ संघांत ‘बोल्स-डोल्मान्स’ नव्हता. २०२१ पासून वेतन-व्यवस्थापनाचा व्यवसाय करणाऱ्या ‘एसडी वर्क्स’ या बेल्जियन कंपनीने प्रायोजकत्व घेतले व संघ प्रथम श्रेणीत आला. २०२३ च्या महिला फ्रान्सप्रदक्षिणेत त्याच्या डेमी व्होलरिंग व लोटे कोपेकी यांनी अनुक्रमे पहिला व दुसरा क्रमांक मिळविला.

प्रथम श्रेणीबरोबरच किमान वेतनाचा नियम आला. ते २०२० मध्ये वार्षिक १५,००० यूरो, २०२१ मध्ये २०,००० व २०२२ मध्ये २७,५०० यूरो असे वाढत गेले आणि २०२३ मध्ये पुरुषांच्या द्वितीय श्रेणीच्या संघांइतके करण्यात आले. प्रसूतिरजेच्या काळातील वेतनाचीही तरतूद झाली. या सुधारणांमागे ईरिस स्लापेंडेल प्रभृती सायकलपटूंनी २०१७ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेच्या प्रयत्नांचाही वाटा आहे. पुनरुज्जीवित महिला फ्रान्सप्रदक्षिणेत (२०२२) विजेतीस ५०,००० यूरो मिळाले. पुरुष विजेत्याचे पारितोषिक ५,००,००० यूरोंचे होते. किमान वेतनाचे बंधन प्रथम श्रेणीपुरते असल्याने त्याखालील संघांतील अनेकींना अन्य नोकरी करून शर्यतींत उतरावे लागले.

भारतात सायकल शर्यती प्रामुख्याने राज्यांच्या, तसेच रेल्वे व सेनादले यांसारख्या आस्थापनांच्या संघांत होत आल्या आहेत. खेळाडू म्हणून मिळणारी रेल्वेसारख्या आस्थापनेतील नोकरी हाच येथील महिला सायकलपटूंना स्थिर उत्पन्नाचा मुख्य आधार ठरला आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात सायकल शर्यतींचा धावमार्ग आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने गुवाहाटी येथील खेलो इंडिया युवा स्पर्धांत (२०२०) सुवर्णपदके मिळविली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत पुरुष संघांसाठी होती.