चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाचा जुन्या टॉकीजवर एवढा जीव का?

चंद्रपुरात ऑटोवाल्याला "जयंत टॉकीज" म्हणा नाहीतर "अभय टॉकीज" म्हणा, पुढे पत्ता सांगावा लागत नाही. नागपुरात सीताबर्डीवर व्हरायटी चौक आहे, तिथून जवळच पंचशील चौक. दोन्ही नावं थिएटरांवरून पडलेली. पुण्यात तर टिळक चौक असं सरकारी नाव असलेल्या चौकाला सगळं गाव अलका टॉकीज चौक म्हणतं.

एखाद्या थिएटरचं नाव गावाच्या पत्त्यात जाऊन बसतं ते उगाच नाही. राज्यातली अशी कितीतरी थिएटरं आज बंद आहेत, काहींच्या जागी दुकानं आली. तरी विषय निघाला की चाळिशीच्या पुढचा माणूस अर्धा तास सहज बोलतो. एवढा जीव होता तर ही थिएटरं टिकली का नाहीत, असा प्रश्न पडणारच. त्यासाठी टॉकीज चालायची कशी, इथपासून सुरुवात करावी लागेल.

टॉकीज हा शब्द आला कुठून?

१४ मार्च १९३१ ला मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. आपल्या देशातला हा पहिला बोलपट. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदाही बोलू लागला. बोलणाऱ्या पिक्चरला इंग्रजीत टॉकी म्हणायचे. मग थिएटरमालकांनी नावापुढे टॉकीज लावायला सुरुवात केली. आमच्याकडे आवाजाचं यंत्र बसवलंय, ही त्यातली जाहिरात. पुढे लॉजच्या पाटीवर 'कलर टीव्ही' लिहायचे ना, तसंच. मूकपट संपले, जाहिरातीची गरज संपली, पण शब्द चिकटून राहिला. विदर्भात तर आजही बरेच जण थिएटर म्हणत नाहीत, टॉकीजच म्हणतात.

पेटी आली का?

आज पिक्चर शुक्रवारी मुंबईत लागतो आणि त्याच दिवशी चंद्रपुरातही. रिळांच्या काळात असं नव्हतं.

तेव्हा पिक्चर ही उचलून न्यायची वस्तू होती. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे अडीच तासांच्या पिक्चरची फिल्म झाली १३,५०० फूट, चार किलोमीटरच्या वर. हजार फुटांचं एक रीळ धरलं तर चौदा-पंधरा रिळं. ती पत्र्याच्या डब्यात आणि डबे पेटीत. ही पेटी रेल्वेने नाहीतर एसटीने गावोगाव फिरायची. एक प्रिंट काढायलाच मोठा खर्च, म्हणून प्रिंट मोजक्या. त्या आधी मोठ्या शहरांत झिजायच्या, मग मधल्या गावांत आणि शेवटी लहान गावांत पोहोचायच्या. पडद्यावर पावसासारख्या रेषा दिसायच्या त्या याच झिजेच्या.

धंद्याचा नकाशाही वेगळाच. विदर्भ ज्या वितरण क्षेत्रात येतो त्याला सिनेमाच्या धंद्यात 'सीपी-बेरार' म्हणतात. सीपी अँड बेरार नावाचा प्रांत १९५० मध्येच नावाने संपला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, चांद्याचं चंद्रपूर झालं, पण पिक्चरच्या धंद्याने नाव बदललं नाही. या भागाच्या वितरकांचं एक मोठं ठाणं अमरावतीला होतं. चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये काय लागणार हे बरंचसं तिकडे ठरायचं. कधी प्रिंटसोबत वितरकाचा माणूसही यायचा आणि रोजची तिकिटं मोजायचा. मालकावर विश्वास किती, हे त्यावरून समजा.

उशिराचा एक परिणाम मजेशीर होता. पिक्चरच्या आधी गाणी पोहोचायची. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवर महिनोन्‌महिने ऐकून पाठ झालेलं गाणं पडद्यावर पहिल्यांदा दिसायचं, तेव्हा टॉकीजभर शिट्ट्या आणि चिल्लर उडायची. वाट बघण्यातच अर्धी मजा होती, असं जुने लोक म्हणतात. मला वाटतं ते खरं असावं, पण वाट बघण्यावाचून इलाजही नव्हता.

वरच्या केबिनमधला माणूस

मागच्या भिंतीत दिसणाऱ्या चौकोनी झरोक्यांच्या आड ऑपरेटर असायचा. सुरुवातीच्या काळातली फिल्म नायट्रेटची होती, म्हणजे चटकन पेट घेणारी. म्हणून लायसन्स देताना केबिन आगीला तोंड देईल अशी बांधलेली आहे का, हे बघितलं जायचं. पुढे न पेटणारी फिल्म आली, पण केबिनची घडण तशीच राहिली.

उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्यामधल्या फटीत विजेचा लोळ पेटायचा आणि त्याचा प्रकाश पडद्यावर जायचा. कांड्या जळत जायच्या, म्हणून फट सारखी जुळवत राहावी लागे. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळट आणि खाली ओरडा सुरू. बऱ्याच टॉकीजमध्ये दोन मशीन असायच्या. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका दिसायचा. तो प्रेक्षकांसाठी नसून ऑपरेटरसाठी असायचा: दुसरी मशीन सुरू कर. दुसरा ठिपका दिसला की बदल. पिक्चर बघणाऱ्याला हे कळायचंही नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, हे देशाला माहीत आहे. त्या दिवसांत पेटत्या कांडीशेजारी, खिडकी नसल्यासारख्या खोलीत, बारा, तीन, सहा आणि नऊ असे चार खेळ काढणाऱ्या माणसाचं नाव कोणत्याही पोस्टरवर आलं नाही.

एका छपराखाली कोण कोण?

चंद्रपूर-बल्लारपूर पट्टा सरमिसळ लोकांचा. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची पेपर मिल, पुढे औष्णिक वीज केंद्र, यामुळे इथे मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारे कामगार शेजारी-शेजारी राहतात. त्यात आजूबाजूच्या खेड्यांतून बाजाराला, कोर्टकचेरीला, महाकालीच्या यात्रेला येणारे लोक. पाळी सुटलेला कामगार आणि बाजार उरकलेला शेतकरी, दोघांना परवडेल अशी तीन तासांची जागा म्हणजे टॉकीज. भेदभाव तिथेही होता. पुढे थर्ड क्लास, मागे फर्स्ट, वर बाल्कनी, काही ठिकाणी बायकांसाठी वेगळी जागा. पण हा भेद तिकिटाच्या दराचा होता आणि दिवे गेल्यावर सगळे एकाच वेळी हसायचे.

आता काही पिक्चर आठवा. १९७५ च्या 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून आत जायचे. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला खेड्यापाड्यातल्या बायका गाड्या भरभरून आल्या. एरवी घराबाहेर पडायला कारण लागायचं त्या बायकांना टॉकीजने कारण दिलं. टॉकीजच्या आठवणीत ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, कारण आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष.

गडचिरोलीचं गणित वेगळं

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. बहुतेक भाग जंगल. मुख्यालयापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पिक्चरसाठी तिथून गडचिरोलीला येणं हा विचारही चेष्टेचा. सिरोंच्याकडे तेलुगू सर्रास बोलली जाते, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाचे हिरोही वेगळे. त्यात नक्षली चळवळीची वर्षं. रात्री नऊचा खेळ बघून जंगलातल्या रस्त्याने परतायला कोण धजावेल? अशा भागात कायमच्या टॉकीजला रोज चार वेळा प्रेक्षक आणायचे कुठून? गणपतीत बांधलेला पडदा आणि पुढे भाड्याचा व्हीसीआर, हीच कितीतरी गावांची टॉकीज होती.

मग बंद का पडल्या?

लोकांना आवडेनाशा झाल्या म्हणून, असं सरसकट उत्तर मला पटत नाही. खरी अडचण हिशोबात आहे.

समजा, टॉकीजला ८०० खुर्च्या आहेत. चार खेळ म्हणजे दिवसाला ३,२०० तिकिटं. दुसरीकडे कुठे पिक्चर बघताच येत नसेल तर ती विकली जातात. १९८२ च्या एशियाडसोबत रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण'. नव्वदीत केबल. खुर्च्या तेवढ्याच राहिल्या, प्रेक्षक वाटले गेले.

कराचा भाग तर मालक अजून विसरलेले नाहीत. जुन्या टॉकीजा करमणूक कर भरत होत्या, आणि २००१ च्या सुमारास राज्याने नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांसाठी त्यात मोठी सवलत दिली. मग रिळं जाऊन डिजिटल आलं. त्यामुळे नवा पिक्चर लहान गावातही पहिल्याच दिवशी लागू लागला, पण नव्या मशीनचा खर्च आला. पुढे मार्च २०२० मध्ये कोरोनाने कुलूप लावलं. राज्यात थिएटरं नोव्हेंबरात अर्ध्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद झाली ती थेट २२ ऑक्टोबरला उघडली. दीड वर्षाचा तोटा एका पडद्याच्या मालकाने कुठून भरून काढायचा?

बंद टॉकीज वर्षानुवर्षं तशीच उभी का दिसते, याचंही कारण आहे. थिएटरच्या जागेवर नवी इमारत बांधायची तर त्यात काही आसनांचं थिएटर ठेवावं लागेल, अशी अट राज्यात राहिली आहे. हेतू चांगला, गावातला पडदा जाऊ नये. मालक म्हणतात, चालत नाही म्हणूनच बंद केलं, मग पुन्हा बांधू कशाला? या ओढाताणीत इमारत पडून राहते आणि छतातून पिंपळ उगवतो.

प्रेमाने थिएटर वाचतं का? कधीकधी. मुंबईच्या मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ऑक्टोबर १९९५ पासून सुरू आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो उतरवायचं ठरलं, लोकांनी गलका केला आणि तो परत लागला. पण तिथे समोर एसटीचा डेपो, शेजारी मुंबई सेंट्रल स्टेशन आणि तिकीट स्वस्त. पुण्यात १९३४ पासूनचं प्रभात डिसेंबर २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा लोक हळहळले. ते जागेच्या मालकांकडे परत गेलं आणि किबे लक्ष्मी नावाने पुन्हा सुरू झालं. चंद्रपूरसारख्या ठिकाणी असा गलका ऐकायला कॅमेरे नसतात.

सध्या एक बदल लहान टॉकीजच्या बाजूने झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. १०० च्या वर १८ टक्के. स्वस्त तिकीट विकणाऱ्याला यात थोडा श्वास मिळतो.

पण रात्र जागवायची सवय गेली नाही

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे धान घरात आलं की दिवाळीनंतर नाटकांचा मोसम सुरू होतो. दंडार, खडी गंमत अशा जुन्या लोककलांच्या मातीत वाढलेली ही झाडीपट्टी रंगभूमी. तिचं मुख्य ठाणं देसाईगंज, म्हणजे वडसा. मोसमात तिथे नाटक कंपन्यांच्या ऑफिसांच्या रांगा लागतात. गाव नाटक ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं लावतं. दिवसा मंडई आणि शंकरपट, रात्री नाटक. पाहुणे येतात, सोयरिकी जमतात. नाटकात हाणामारी असते, नाचगाणी असतात, पिक्चरमध्ये जे जे हवं ते सगळं असतं. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. २०२२ मध्ये तिच्यावर 'झॉलीवूड' नावाचा मराठी पिक्चरही आला.

बंद टॉकीजसमोर उभं राहून "लोकांना आता एकत्र बसायचंच नाही" म्हणणाऱ्याने हिवाळ्यात एकदा वडशाकडे यावं. प्रेक्षकाने चार वेळा आपल्याकडे यावं असं टॉकीजचं गणित होतं. नाटक कंपनी प्रेक्षकाच्या गावात जाते, तेही त्याच्या हातात धानाचे पैसे असताना. शिवाय नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लांबून आलेल्या माणसाला अंधारात जंगलातून परतावं लागत नाही, उजाडल्यावर पहिली एसटी मिळते. नऊच्या खेळाला हे कधी जमलं नव्हतं.